नुसता फ्लॅश

कॉटन ग्रीन स्थानकाच्या पश्चिमेला उतरून काळाचौकीच्या दिशेने चालू लागले की एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर आमचे दुकान लागते. जागा दहा बाय बाराची. पाटीवर ‘फोटो स्टुडिओ’ असे लिहिलेले असले, तरी पासपोर्टच्या फोटोसाठी येणारे गिऱ्हाईक आता क्वचितच. दुकान चालते ते लग्नांवर, आणि त्यातही अल्बमवर. ते धाकट्या भावाचे आहे. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि गेली वीस वर्षे संध्याकाळी या दुकानाच्या मागच्या भागात बसून परक्या माणसांच्या लग्नांचे अल्बम जुळवतो. यांतली पहिली ओळख मी चर्चासत्रांतून नेहमी करून देतो. दुसरी मात्र आजवर कुठेही करून दिलेली नाही. ती का दिली नाही आणि आता का द्यावीशी वाटते, हे सांगण्यासाठी हा लेख.

कॉटन ग्रीन या नावात कापूस आहे आणि हिरवळही आहे, पण आमच्या पिढीने तिथे दोन्ही फारसे पाहिलेले नाही. हे नाव मुळात कोटातल्या त्या मोकळ्या मैदानाचे, जिथे कापसाच्या गाठींचा व्यापार चाले. तो बाजार पुढे कुलाब्याला गेला आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माझगाव-शिवडीच्या भरावावर आला. येताना आपले नाव बरोबर घेऊन आला. रुळांच्या पूर्वेला गोदामे आणि कॉटन एक्स्चेंजची हिरवी इमारत, पश्चिमेला चाळी, अभ्युदयनगर आणि एके काळी गिरण्यांचे भोंगे. वडील त्यांपैकीच एका गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि तो संप औपचारिकपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. मी तेव्हा तीन वर्षांचा होतो. त्या संपावरचे वाङ्मय मी पुढे अभ्यासक्रमात शिकवले, मात्र आमच्या घरी त्याचा परिणाम एका वस्तूच्या रूपाने आला. गावी परत निघालेल्या एका सोबत्याकडून वडिलांनी उधारीवर घेतलेला याशिका कॅमेरा, ही ती वस्तू.

हौस म्हणून नव्हे, तर पोटासाठी घेतलेला तो कॅमेरा होता. त्यात १२० चा रोल बसे आणि एका रोलमध्ये बारा चौकोनी चौकटी मिळत. पुढे ३५ मिलिमीटरचा कॅमेरा आला, तेव्हा एका रोलमध्ये छत्तीस. एका लग्नाला चार रोल, म्हणजे एकशे चव्वेचाळीस फोटो, हा त्यांचा ठरलेला हिशेब. रोल, धुलाई आणि छपाई यांचा खर्च वजा जाता जे उरेल ते घरात येई. त्यामुळे वडिलांचे बोट बटणावर जाण्याआधी त्यांच्या मनात एक बेरीज-वजाबाकी होऊन जात असे. मंगलाष्टकांना किती, सप्तपदीला किती, पंगतीला किती, पाठवणीला किती शिल्लक ठेवायचे. निवड आधी होई आणि फोटो नंतर निघे.

या काटकसरीतूनच वडिलांनी, आणि त्या काळच्या अनेक छायाचित्रकारांनी, एक युक्ती अंगी बाणवली होती. स्वागतसमारंभात आहेर देणाऱ्यांची रांग संपता संपत नाही. प्रत्येकाला वधूवरांच्या शेजारी उभे राहून फोटो हवा असतो. प्रत्येकाचा फोटो काढला तर चार रोल त्या रांगेतच संपतील. न काढला तर यजमानाचा अपमान. मग छायाचित्रकार काय करी? फ्लॅशच्या पाठीमागे चाचणीचे एक छोटे बटण असते. ते दाबले की लख्ख उजेड पडतो, पण कॅमेऱ्यातली फिल्म जागची हलत नाही. पाहुणा हसतो, उजेड पडतो, पाहुणा समाधानाने जेवायला जातो. वडील याला ‘नुसता फ्लॅश’ म्हणत.

लहानपणी मी बॅटरीची पेटी सांभाळायला त्यांच्याबरोबर जात असे. उजेड खरा कोणता आणि नुसता कोणता, हे मला त्यांच्या अंगठ्यावरून कळू लागले होते. कोणासाठी नुसता फ्लॅश मारायचा, हे त्यांना कोणी शिकवलेले नव्हते. ज्यांच्या आहेराचे पाकीट जाड त्यांना चौकट मिळे. वराच्या साहेबांना मिळे. गावाहून एसटीने रात्रभर प्रवास करून आलेल्या, कडक इस्त्रीच्या टोपीतल्या म्हाताऱ्याला बहुधा उजेडच मिळे. महिन्याभराने अल्बम आला की अशी माणसे यजमानाच्या घरी बसून पाने उलटत आणि आपला चेहरा शोधत. “काका, आमचा फोटो निघाला होता ना?” असा प्रश्न कधी दुकानापर्यंत आला, तर वडील शांतपणे सांगत, “लॅबमध्ये खराब झाला असेल.” माझे वडील खोटे बोलणारे गृहस्थ नव्हते. हे एक खोटे मात्र त्यांच्या धंद्याच्या खर्चात धरलेले होते.

२००५ च्या सुमारास भावाने पहिला डिजिटल कॅमेरा घेतला आणि हे सगळे गणित उलटे झाले. बटण दाबण्याला आता पैसे पडत नव्हते. एकशे चव्वेचाळीसच्या जागी एका लग्नाचे तीन हजार फोटो घरी येऊ लागले. नुसत्या फ्लॅशची गरज संपली, आता सगळ्यांनाच चौकट देता येईल, असे तेव्हा आम्हा दोघांनाही वाटले. त्याच काळात सुट्या फोटोंच्या प्रतींचा धंदा बसला. पूर्वी एकेका फोटोच्या चार-चार प्रती नातेवाईक मागत, आता मागेनासे झाले. त्याऐवजी बाजारात नवा अल्बम आला. बारा बाय छत्तीस इंचांची उलगडणारी शीट, जाड पुठ्ठ्याचे पान, वर चकचकीत कव्हर आणि ठेवायला पेटी. एका शीटवर एक फोटो किंवा दहा, हे आता आगाऊ ठरलेले नव्हते. ते कोणीतरी संगणकावर बसून ठरवायला हवे होते. तो कोणीतरी म्हणजे मी.

मी तेव्हा तासिका तत्त्वावर शिकवत होतो. या शब्दप्रयोगाचा अर्थ या पानाच्या बहुतेक वाचकांना समजावून सांगावा लागणार नाही. शिकवलेल्या तासांचे बिल मंजूर होईपर्यंत वर्ष सरत असे आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तर तासच नसत. योगायोगाने लग्नसराई नेमकी त्याच सुट्टीत येते. तुळशीचे लग्न झाले की मुहूर्त सुरू होतात आणि एप्रिल-मे महिन्यांत ते दाटीवाटीने येतात. आषाढी एकादशीपासून चातुर्मास लागला की दुकान थंडावते आणि महाविद्यालय सुरू होते. दोन अपुऱ्या उत्पन्नांची मिळून एक बारमाही मिळकत तयार झाली. आता मी कायम आहे आणि भावाकडून काही घेत नाही. सवय मात्र सुटलेली नाही.

या धंद्यात नफा कुठून येतो, हे समजायला आम्हाला चार-पाच वर्षे लागली. कॅमेरा हातात घेणारे पुष्कळ झाले होते, त्यामुळे नुसत्या फोटोंचा भाव पडत होता. व्हिडिओवाला, दुसरा छायाचित्रकार, प्रवास आणि अल्बमची छपाई यांत घेतलेल्या रकमेचा मोठा भाग निघून जाई. त्यातच गिऱ्हाईक पैसे तीन हप्त्यांत देते. नोंदणीला पहिला, लग्नाच्या दिवशी दुसरा आणि अल्बम हातात पडल्यावर तिसरा. आमचा सारा नफा त्या तिसऱ्या हप्त्यात असे आणि तोच अडके. कारण तीन हजारांतून अडीचशे फोटो निवडायला वधूवरांना वेळ होत नसे. लग्नाची मंडळी हौसेने हार्डडिस्क घेऊन जात आणि सहा-सहा महिने उगवत नसत. शेवटी आम्ही ठरवले, की पहिली निवड आपणच करून द्यायची, त्यावर त्यांनी फक्त खुणा करायच्या, आणि छपाईला पाठवण्याआधी हिशेब पुरा करायचा. या एका निर्णयाने दुकान तरले. थोडक्यात, आमचा नफा छायाचित्रणातून येत नव्हता, तो निवडीतून येत होता. गिऱ्हाईक पैसे मोजत होते ते कोणीतरी आपल्यासाठी वगळण्याचे काम करावे म्हणून.

‘नफा’ हा शब्द मी येथे सहज लिहिला खरा, पण तो उच्चारताना माझ्या वर्गातल्या मराठी माणसाची जीभ अजून अडखळते. आपल्या सांस्कृतिक इतिहासातही हे दिसते. सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, यांचे नाव आपण १८९९ मध्ये त्यांनी केलेल्या कुस्तीच्या चित्रणासाठी घेतो. त्याआधीपासून ते मुंबईत छायाचित्रणाचा व्यवसाय करत होते, त्याविषयी आपण फारसे बोलत नाही. दादासाहेब फाळक्यांनी चित्रपटाकडे वळण्यापूर्वी गोध्र्याला छायाचित्रणाचे दुकान चालवून पाहिले होते. तेही आपण एका प्रतिभावंताच्या आयुष्यातला किरकोळ थांबा म्हणून ओलांडून जातो. कलावंत झाल्यावर आपण माणसाला स्मरणात ठेवतो, दुकानदार असताना नाही. मीही माझ्या दुकानाबाबत हेच केले.

या कामात मजाही होती, हे नोंदवले पाहिजे. तयार नक्षीच्या सीडी बाजारात मिळत. त्यांत धबधबा, ताजमहाल, चंद्रकोरीत बसवलेला वधूचा चेहरा आणि पानापानावर इंग्रजी प्रेमवचने असत. मराठीचा अध्यापक म्हणून मी ती वचने पुसून टाकी. गिऱ्हाईक अल्बम पाहून म्हणे, “सर, छान झालाय. पण इथे ते ‘मेड फॉर ईच अदर’ असतं, ते राहिलं वाटतं.” मग ते परत येई. माझी वाङ्मयीन अभिरुची आणि दुकानाचा तिसरा हप्ता यांच्यात झगडा झाला, तेव्हा प्रत्येक वेळी हप्ता जिंकला आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. २००९ च्या मे महिन्यात घोडपदेवच्या एका चाळीतल्या मुलीचे लग्न आम्ही केले. ‘केले’ हा आमच्या धंद्यातला शब्द. मुलीचे वडील लहानपणीच वारले होते. कन्यादान काका-काकूंनी केले. मी सवयीप्रमाणे निवड केली. स्वच्छ उजेड, पूर्ण चेहरा, डोळे उघडे, चौकटीत नको तो खांदा नाही, हे माझे निकष. उरलेले फोटो मी पुसून टाकले. साठवणुकीच्या डिस्क तेव्हा आम्हाला महाग वाटत आणि कार्ड पुढच्या लग्नासाठी लागे. अल्बम सुबक झाला होता.

आठवड्याने ती मुलगी एकटीच दुकानात आली. उभ्या उभ्याच तिने अल्बम पहिल्या पानापासून पुन्हा उलटला आणि मला विचारले, “सर, यात आईचा एकही नाही का?” मी म्हणालो, “घरच्यांच्या ग्रुपमध्ये असतील ना त्या.” त्यात त्या नव्हत्या. ग्रुप व्यासपीठावर घेतला होता आणि त्या व्यासपीठावर आल्याच नव्हत्या. मंगलाष्टके चालू असताना त्या सभागृहाच्या कडेला, खांबाच्या आड उभ्या होत्या. मुलगी म्हणाली, “जांभळी साडी नेसली होती तिने.” एवढेच. मग तिने राहिलेली रक्कम मोजून टेबलावर ठेवली, एक रुपयाही कमी करून मागितला नाही, आणि अल्बम पिशवीत घालून ती निघून गेली. इतक्या वर्षांत तिसरा हप्ता इतक्या बिनबोभाट फार थोड्यांनी दिला असेल.

रात्री भावाला हे सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “दादा, मी काढले होते. तीन-चार होते.”

ते मला आठवले. मागून उजेड आलेला, अर्धा चेहरा खांबाआड, पुढे कोणाचा तरी खांदा. माझ्या सगळ्या निकषांवर ते नापास होते. भावाने लांबच्या भिंगातून मुद्दाम टिपलेली ती चित्रे मी एका बटणासरशी नाहीशी केली होती. वडील निदान माणसाला उजेड तरी देत असत.

त्या दिवसानंतर काही काळ मला वर्गात आत्मचरित्रावर बोलणे जड गेले. निवेदक काय सांगतो यापेक्षा काय गाळतो याकडे पाहा, असे मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे सांगत आलो होतो. मौन, रिकाम्या जागा, परिघावरची माणसे हे सगळे शब्द मला पाठ होते. विधवा आईला रूढीने मांडवाच्या कडेला उभे केले आणि मी कडेला उभे असलेले सगळे ‘वाईट चौकट’ म्हणून छाटले. रूढीचे उरलेले काम मी तंत्राच्या निकषाने पुरे केले. त्यात माझा काही हेतू नव्हता, आणि हेच मला अधिक अस्वस्थ करणारे होते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथांच्या विरोधात ठराव केला आणि शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. ती बातमी वाचताना मला तो खांब आठवला. ठरावाने कुंकू आणि बांगड्या राहतील. चौकटीत मध्यभागी कोणाला घ्यायचे, हे तिथेच उभ्या असलेल्या कोणाला तरी ठरवावे लागेल.

पिएर बोर्द्यू या समाजशास्त्रज्ञाने १९६५ साली छायाचित्रणावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. कुटुंबे फोटो काढतात ते आपली एकी स्वतःलाच दाखवण्यासाठी, आणि म्हणून लग्नासारखे सोहळे छायाचित्राला जवळचे, असे त्याचे साधारण प्रतिपादन. रोलाँ बार्थचे छायाचित्रावरचे पुस्तक १९८० चे. त्यात आईच्या एका जुन्या फोटोभोवती अर्धे पुस्तक फिरते, आणि तो फोटो मात्र त्याने पुस्तकात छापलेला नाही, कारण तो त्याच्याखेरीज इतरांना काहीच सांगणार नाही. ही दोन्ही पुस्तके मी एम. ए. नंतर वाचली होती, त्यांवर टिपणेही काढली होती. माझ्या हातात होता तो अल्बम बोर्द्यूचा, आणि ती मुलगी विचारत होती ते बार्थच्या फोटोबद्दल, हे मला ती निघून गेल्यावर कळले. वाचलेले वेळेवर आठवत नाही, हा अध्यापकांचा जुना रोग आहे.

आम्ही दोन गोष्टी बदलल्या. पहिली, काहीही पुसायचे नाही. डिस्कचा खर्च प्रत्येक लग्नाच्या हिशेबात धरायचा. दुसरी, नोंदणीच्या वेळी वधूला आणि वराला वेगवेगळे बसवून एक कागद द्यायचा आणि त्यावर ‘चुकू नयेत अशी माणसे’ त्यांच्याच हाताने लिहून घ्यायची. आईवडिलांसमोर नाही, मोठ्या काकांसमोर नाही. या कागदांवर येणारी नावे वाचण्यासारखी असतात. कोणी शाळेच्या बाई लिहिते. एका मुलीने शेजारच्या त्या मावशींचे नाव लिहिले होते, ज्यांच्या खाणावळीत तिचे वडील लग्नाआधी जेवत. एकाने सावत्र बहीण लिहिली आणि कंसात ‘मागे बसेल’ असे. भाऊ आता मंडपात शिरताच आधी या माणसांना शोधतो. विधींपैकी सप्तपदी तो कधीही चुकवत नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानुसार ज्या विवाहात सप्तपदी हा विधी असतो, तिथे सातव्या पावलाला विवाह पूर्ण होतो. विधी न करता नुसते प्रमाणपत्र घेऊन भागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०२४ मध्ये स्पष्ट केले. बाकी मात्र क्रम त्या कागदाचा.

या कागदाने धंदा वाढला, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आमचा अल्बम पाहून लोक म्हणत, “यात आमची सगळी माणसं आली.” त्या एका वाक्यावर पुढची लग्ने येत गेली आणि भाव कमी करून मागणाऱ्यांना नाही म्हणायचे धैर्य आम्हाला आले. माझ्या चुकीतून दुकानाला बरकत आली. ती मुलगी त्यानंतर कधी दुकानात आली नाही, आणि तिच्या आईचे चित्र तर कोणालाच परत आणता येणार नाही. या दोन गोष्टी मी शेजारी शेजारी ठेवतो, तेव्हा त्यांची वजाबाकी मला करता येत नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि ठरलेली सगळी सराई गेली. एप्रिल २०२१ मध्ये राज्यात लग्नाला पंचवीस माणसे आणि दोन तास अशी मर्यादा होती. तेव्हाचे काही अल्बम मी केले आहेत. मुखपट्टी हनुवटीवर ओढलेले पंचवीस चेहरे, आणि प्रत्येक जण चार-चार वेळा आलेला. वगळायला माणसेच नव्हती. बसल्या जागी सर्वांत सोपे आणि सर्वांत उदास असे ते काम होते.

एक गोष्ट उरली आहे. २०१७ मध्ये एका लग्नाचे फोटो निवडून आम्ही तयार ठेवले होते, पण घरची मंडळी चौदा महिने आली नाहीत. आली तेव्हा वराच्या वडिलांनी एकच अट घातली. थोरल्या चुलत्याचे कुटुंब अल्बममध्ये कुठेही दिसता कामा नये. मधल्या काळात चाळीच्या पुनर्विकासात खोलीवरून दोघा भावांचे फाटले होते. चुलत्याचे नाव वराने आपल्या कागदावर पहिल्या क्रमांकावर लिहिले होते. वर समोरच बसला होता, खाली मान घालून. मी त्याच्याकडे पाहिले. तो म्हणाला, “बाबा सांगतात तसं करा, सर.”

मी केले. चुलत्याला ग्रुपमधून काढून त्या जागी मागचा पडदा जुळवायला मला दोन रात्री लागल्या. त्या कामाचे आम्ही वेगळे पैसे लावले आणि त्यांनी ते दिले. वडिलांचा नुसता फ्लॅश मला आता पूर्वीइतका सहज दोष देण्यासारखा वाटत नाही.

मूळ फोटो दुकानातल्या लोखंडी कपाटात आहेत. डिस्कवर वर्ष आणि आडनाव लिहून ठेवले आहे, आणि वराने लिहिलेला कागद रबरबँडने तिलाच बांधला आहे. अजून कोणी विचारायला आलेले नाही.